मुंबईच्या ताजमध्ये एक रात्र: खोली निवडण्यापासून हिशेब चुकता होईपर्यंत

अपोलो बंदरावरच्या ताजमध्ये राहायचं ठरलं की बहुतेकजण पहिला प्रश्न विचारतात तो भाड्याचा. आधी विचारायला हवं ते इमारतीबद्दल, कारण तिथे इमारती दोन आहेत. घुमटाची दगडी इमारत १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडली. तिला पॅलेस म्हणतात. तिच्या शेजारचा उंच मनोरा १९७३ चा, तो टॉवर. दोन्ही आतून जोडलेल्या आहेत. उपाहारगृहं, तलाव, लॉबी दोन्हीकडच्या पाहुण्यांना वापरता येतात. पण रात्री तुम्ही झोपता त्यातल्या एकाच इमारतीत. गेटवेपाशी उभं राहून ज्या इमारतीचा फोटो आपण वर्षानुवर्षं काढत आलो, तिच्यात राहण्यासाठी पैसे साठवले आणि आरक्षणाच्या घाईत खोली मिळाली टॉवरमध्ये, असं पुष्कळांचं होतं. हॉटेल फसवत नाही. पानावर दोन्ही नावं वेगवेगळी लिहिलेली असतात, फक्त आपण ‘ताज’ एवढंच वाचून पुढे जातो. इतर कंपन्यांच्या आरक्षण-ॲपवर तर फोटो घुमटाचा आणि खोली टॉवरची, असंही दिसतं.

म्हणून या लेखाचा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: इथे पैसे इमारतीसाठी मोजायचे. मऊ गादी, संगमरवरी न्हाणीघर आणि तत्पर सेवा मुंबईत आणखी दहा ठिकाणी मिळेल. ही इमारत दुसरीकडे नाही.

आधी इमारत, मग खोली

आरक्षणाच्या पानावर खोल्यांची नावं डिलक्स, लक्झरी, ग्रांदे, क्लब अशी चढत जातात आणि त्यांत माणूस हरवतो. नावांकडे पहिल्यांदा दुर्लक्ष करा. प्रत्येक खोलीबद्दल दोनच गोष्टी पाहा: पॅलेस की टॉवर, आणि खिडकी कुठे उघडते. खिडकीचे प्रकार साधारण तीन. ‘सिटी व्ह्यू’ म्हणजे कुलाब्याची छपरं आणि गल्ल्या, ‘पूल व्ह्यू’ म्हणजे आतलं अंगण, आणि ‘सी व्ह्यू’ किंवा ‘हार्बर व्ह्यू’ म्हणजे बंदर आणि गेटवे.

समुद्राकडच्या खोलीसाठी पुष्कळ जास्त मोजावे लागतात. बजेट मर्यादित असेल तर टॉवरमधल्या समुद्राच्या खोलीपेक्षा पॅलेसमधली शहराकडची खोली घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. समुद्र तुम्हाला पॅलेसच्या पहिल्या मजल्यावरच्या ‘सी लाउंज’मध्ये बसून चहा पिताना दिसणारच आहे. जुन्या इमारतीतली रात्र मात्र टॉवरमधून मिळत नाही. याउलट केवळ देखाव्यासाठीच जायचं असेल, तर टॉवरच्या वरच्या मजल्यावरून बंदर जास्त मोकळं आणि दूरवर दिसतं, हेही खरं. पॅलेसमध्ये खालच्या मजल्याची समुद्राकडची खोली म्हणजे समोर गेटवेची गर्दी आणि तिचा आवाज.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. हॉटेलचं तोंड पूर्वेला, बंदराकडे आहे. खिडकीतून सूर्यास्त दिसेल या आशेने समुद्राची खोली घेणाऱ्यांची निराशा होते. इथला सोहळा सूर्योदयाचा. मावळतीसाठी टॅक्सीने नरिमन पॉइंटला किंवा मरीन ड्राइव्हला जावं लागतं.

पॅलेसमधल्या खोल्या एका साच्यातल्या नाहीत. शतकापूर्वीची इमारत, त्यातही अनेकदा झालेली दुरुस्ती, त्यामुळे एकाच प्रकारच्या दोन खोल्यांच्या आकारात आणि मांडणीत फरक असतो. बाल्कनी गृहीत धरू नका. सहलीला सोबत वयस्कर मंडळी असतील तर न्हाणीघरात टब आहे की शॉवरची वेगळी जागा, हे आधी विचारा. टबाचा उंच काठ ओलांडणं गुडघे दुखणाऱ्यांना अवघड जातं आणि हे खोलीत शिरल्यावरच लक्षात येतं.

केव्हा जावं आणि किती पैसे धरावेत

भाडं रोज बदलतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी लग्नसराई, परदेशी पाहुणे आणि परिषदा एकत्र येतात, त्यामुळे तेव्हा दर चढे असतात. जून ते सप्टेंबर ते उतरतात. पावसाळ्यातला ताज आम्हाला फार आवडतो. भरतीच्या वेळी गेटवेच्या कठड्यावर लाटा फुटतात, गर्दी विरळ असते, आणि खिडकीबाहेर करडा समुद्र. मात्र त्या दिवसांत गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या लाँच बंद असतात आणि घारापुरीच्या फेऱ्याही हवामान पाहून थांबवतात. लेण्यांचा बेत असेल तर पावसाळा टाळा, आणि सोमवार कधीही टाळा, कारण त्या दिवशी घारापुरीची लेणी बंद असतात.

काही तारखांना कुलाब्यात गाडीने पोचणं कठीण होतं. ३१ डिसेंबरची रात्र ही उघडच आहे. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉनमुळे दक्षिण मुंबईतले रस्ते पहाटेपासून बंद असतात. ४ डिसेंबरच्या नौदल दिनाच्या सुमारास गेटवेवर नौदलाचा बीटिंग रिट्रीटचा कार्यक्रम होतो. त्याचे बँड आणि कवायती खिडकीतून पाहायला मिळाल्या तर भाग्यच, पण त्या दिवसांत बंदोबस्त कडक असतो.

आता हिशेब. पडद्यावर दिसणाऱ्या भाड्यात कर धरलेला आहे की नाही, ते पाहा. एका रात्रीचं भाडं ७,५०० रुपयांच्या वर गेलं की खोलीवर १८ टक्के जीएसटी लागतो. समजा भाडं ३०,००० आहे, तर कर ५,४०० आणि एकूण ३५,४००. हॉटेलातल्या खाण्यावरही १८ टक्केच, बाहेरच्या साध्या हॉटेलसारखे ५ टक्के नाहीत. मद्यावर जीएसटी नसतो, त्यावर राज्याचा व्हॅट वेगळा लागतो. न्याहारी धरलेला दर आणि न धरलेला दर यांतला फरक दोघांच्या न्याहारीच्या किमतीशी ताडून बघा. बहुतेक वेळा धरलेलाच दर परवडतो. खोलीभाड्याच्या निम्मी रक्कम खाणं, चहा, टॅक्सी आणि बक्षिसी यांसाठी वेगळी ठेवली, तर मेनूकार्ड हातात घेताना मन आखडत नाही.

कंपनीच्या कामासाठी राहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. खोलीवरचा जीएसटी हा हॉटेल जिथे आहे त्या राज्याचा धरला जातो, म्हणजे इथे केंद्राचा आणि महाराष्ट्राचा. तुमच्या कंपनीची जीएसटी नोंदणी फक्त कर्नाटकात किंवा गुजरातेत असेल, तर या कराची वजावट मिळत नाही. महाराष्ट्रातली नोंदणी असेल तर तिचा क्रमांक चेक-इनच्या वेळीच द्या. बिल निघाल्यावर तो घालून घेणं कटकटीचं होतं.

आरक्षण

दर ॲपवर पाहा, पण आरक्षण शक्यतो हॉटेलच्या संकेतस्थळावरून किंवा फोनवरून करा. त्यामागे एक साधं कारण आहे. तारीख बदलायची वेळ आली की तिसऱ्या कंपनीमार्फत केलेल्या आरक्षणाला हॉटेल हात लावू शकत नाही. तुम्ही हॉटेलला सांगता, हॉटेल म्हणतं ॲपवाल्यांना सांगा, आणि ॲपचे नियम वेगळे. शिवाय हॉटेलच्या स्वतःच्या मोफत सदस्यत्वाचे गुण आणि सवलती बाहेरच्या आरक्षणावर सहसा लागू होत नाहीत. सर्वांत स्वस्त दर बहुतेकदा ‘रद्द केल्यास परतावा नाही’ या अटीचा असतो. वयस्कर आईवडील किंवा लहान मूल सोबत असेल तर तो घेऊ नका.

पैसे भरण्याआधी फोन करून पुढचे प्रश्न विचारा आणि उत्तरं ईमेलवर मागवा:

– खोली नक्की पॅलेसमधली आहे ना? कोणत्या बाजूची?
– त्या तारखेला बॉलरूम किंवा क्रिस्टल रूममध्ये लग्न आहे का? असेल तर संध्याकाळी लिफ्टपाशी आणि दारापाशी खोळंबा होतो, आणि बँडचा आवाजही.
– त्या आठवड्यात कुठलं उपाहारगृह किंवा तलाव दुरुस्तीसाठी बंद आहे का?
– क्लब खोली घेत असाल तर तिच्यात नेमकं काय येतं? न्याहारी कुठे, संध्याकाळचे पदार्थ आणि पेयं किती ते किती?
– मुलांसाठी जादा पलंगाचं वेगळं भाडं कितव्या वर्षापासून?

फोन ठेवण्याआधी दोन विनंत्या नोंदवून घ्या: खोली मधल्या जिन्याच्या जवळ हवी, पण लिफ्टच्या लगतची नको. हे हमखास मिळेलच असं नाही. पण न सांगता तर मुळीच मिळत नाही. लग्नाचा वाढदिवस, साठीशांत, सहस्रचंद्रदर्शन असं काही निमित्त असेल तर तेही संकोच न करता सांगा. या हॉटेलात अशा गोष्टींची दखल मनापासून घेतली जाते.

आता एक अडचण, जी मराठी घरांत नेहमी येते. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत, आईवडील पुण्यात किंवा नाशिकला, आणि लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाची भेट म्हणून ताजची खोली मुलांनी तिकडून आरक्षित केलेली. आईवडील काउंटरवर पोचतात आणि ज्या कार्डावर आरक्षण झालं ते कार्ड दाखवा म्हटलं जातं. कार्ड असतं न्यू जर्सीत. हे टाळायचं तर हॉटेलला आधी ईमेल करून ‘दुसऱ्याच्या वतीने पैसे भरण्याचा अधिकृत अर्ज’ मागवावा, तो भरून, सही करून परत पाठवावा, आणि त्यात लिहावं की फक्त खोलीभाडं मुलांकडून की खाण्याचा खर्चही. फक्त भाडं असेल तर बाकीच्या खर्चासाठी आईबाबांजवळ स्वतःचं कार्ड असायला हवं, हे त्यांना आधी सांगा. वयाच्या सत्तरीत काउंटरवर पैशांवरून बोलणं करायची पाळी त्यांच्यावर येऊ नये.

पोचणं

पुण्याहून येणाऱ्यांची ठरलेली गाडी म्हणजे डेक्कन क्वीन. सकाळी ७.१५ ला पुण्याहून निघून १०.२५ ला सीएसएमटीला येते. तिथून हॉटेल अडीच किलोमीटरच्या आसपास, काळी-पिवळी टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटं. गोम अशी की चेक-इन दुपारी २ ला असतं. साडेदहाला पोचलात तर खोली रिकामी असेल तर मिळेल, नाहीतर नाही. म्हणून आल्याआल्या काउंटरवर ओळखपत्रं दाखवून नोंदणी उरकून टाका, मोबाइल नंबर द्या, सामान बेल डेस्ककडे सोपवून पावती घ्या आणि बाहेर पडा. हातातल्या पिशवीत औषधं, चार्जर आणि एक बदलायचा सदरा ठेवा. चालत जाण्याच्या अंतरावर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे आणि त्याला लागूनच जहांगीर आर्ट गॅलरी. तीन तास सहज जातात. परत येताना थेट खोलीत.

विमानाने येणाऱ्यांना मोटारीने पंचवीसेक किलोमीटर पडतात. वेळ मात्र वाहतुकीवर अवलंबून: पाऊण तास ते दोन तास. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ आरे ते कफ परेड पूर्ण चालू झाली आहे. तिचं स्थानक टर्मिनल २ ला आहे. सामान कमी असेल तर हुतात्मा चौक स्थानकापर्यंत मेट्रोने येऊन पुढे टॅक्सी केली, की संध्याकाळच्या गर्दीतही वेळेचा अंदाज चुकत नाही. दोन मोठ्या बॅगा असतील तर मोटारच बरी.

स्वतःची गाडी असेल तर दारात थांबवून गाडीची डिकी आणि खालची बाजू तपासतात, सामान क्ष-किरण यंत्रातून जातं आणि प्रत्येकजण धातुशोधक चौकटीतून. २६ नोव्हेंबर २००८ नंतर हे कायमचं झालं आहे. दहा मिनिटं जास्तीची धरा, आणि देव्हाऱ्यातली समई, आडकित्ता, फळं कापायची सुरी असलं काही बॅगेत असेल तर ते आधीच सांगा.

नोंदणी

प्रत्येक प्रौढ पाहुण्याचं मूळ ओळखपत्र लागतं: आधार, पासपोर्ट, मतदार ओळखपत्र किंवा वाहन परवाना. पॅन कार्डावर पत्ता नसतो, म्हणून ते चालत नाही. याच एका कारणाने काउंटरवर सगळ्यांत जास्त वेळ जातो. परदेशी पासपोर्ट असलेल्यांनी, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डधारकांनीसुद्धा, पासपोर्ट आणि व्हिसा किंवा ओसीआय कार्ड दोन्ही सोबत ठेवावं. परदेशी नागरिकाची नोंद हॉटेलला २४ तासांत सरकारकडे कळवावी लागते, त्यामुळे ‘पासपोर्ट मावशीकडे दादरला राहिला’ हे उत्तर तिथे चालत नाही.

अनामत म्हणून कार्डावर काही रक्कम अडवून ठेवतात. क्रेडिट कार्ड असेल तर ती फक्त मर्यादेतून वजा दिसते. डेबिट कार्ड दिलंत तर तुमच्या खात्यातले खरे पैसे अडकतात आणि हिशेब झाल्यावर मोकळे व्हायला बँकेला काही दिवस लागू शकतात. महिनाअखेर असेल आणि त्याच खात्यातून हप्ता जाणार असेल तर तो परत जायचा. तेव्हा क्रेडिट कार्ड द्या. रोख भरणार असाल तर दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्याने बंदी आहे, हे मोठ्या कुटुंबाच्या चार-पाच खोल्या घेताना ध्यानात असू द्या.

चावी हातात आली की लगेच तीन गोष्टी विचारा: निवासी पाहुण्यांना इमारत दाखवणारी वारसा-फेरी किती वाजता आहे, सी लाउंजमध्ये उद्याची जागा मिळेल का, आणि न्याहारी कुठे. फेरीचं नाव तिथेच नोंदवा.

खोलीत शिरल्यावर सामान उघडण्याआधी पाच मिनिटं खोली नीट पाहा. वातानुकूलन कमी-जास्त करून पाहा, गरम पाणी येऊ द्या, खिडकीपाशी उभं राहून आवाज किती येतो ते ऐका. जुन्या इमारतीत पाइपांचा आवाज, दाराची फट असलं काही निघू शकतं. तक्रार असेल तर याच क्षणी सांगा. सामान लावून, न्हाणीघर वापरून झाल्यावर खोली बदलणं दोन्ही बाजूंना जड जातं. रात्री अकराला तर बदलायला रिकामी खोलीच उरलेली नसते.

संध्याकाळ इमारतीसाठी राखून ठेवा

आलेले पाहुणे संध्याकाळी गेटवेवर जातात, कुलाबा कॉजवेवर खरेदी करतात, आणि थकून परत येतात. त्या सगळ्याला रोजच येता येतं. संध्याकाळचे दोन तास आतच काढा.

सुरुवात तलावापासून करावी. पोहायचं नसलं तरी अंगणात जाऊन तलावाच्या कडेने घुमटाकडे तोंड करून उभे राहा. मुळात हॉटेलचा दरवाजा याच बाजूला होता. गाड्या शहराच्या बाजूने यायच्या आणि इमारतीचे दोन बाहू त्यांना सामोरे यायचे. इमारत उलटी बांधली गेली आणि ते पाहून वास्तुविशारदाने जीव दिला, ही कथा मुंबईत अजून सांगतात. ती खोटी आहे. इमारत ठरल्याप्रमाणेच बांधली गेली. आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. काम पुरं होण्याआधीच वैद्य गेले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज अभियंत्याने ते तडीस नेलं. मुंबईची सर्वांत ओळखीची इमारत एका मराठी माणसाच्या हाताखाली कागदावर उतरली, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. त्यांचं नाव घरातल्या मुलांना इथे उभं राहूनच सांगावं.

आणि समोरचा गेटवे? तो नंतरचा. त्याची पायाभरणी ३१ मार्च १९११ ची आणि उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ चं. हॉटेल त्याच्याहून २१ वर्षांनी मोठं. हॉटेल उभारणारे जमशेटजी टाटा ते उघडल्यानंतर पाचच महिन्यांनी, मे १९०४ मध्ये, वारले. त्यांनी पाहिलेल्या ताजसमोर नुसतं बंदर होतं.

मग मधला जिना. सगळ्या मुक्कामात सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा. जिन्यापाशी जमशेटजींचा अर्धपुतळा आहे. तिथे उभं राहून मान वर करा. मजल्यामागून मजला, नक्षीदार कठड्यांच्या ओळी एकावर एक चढत घुमटाखाली जातात. आता पायऱ्यांच्या खालच्या बाजूकडे पाहा: आधाराला खांब नाही. पायऱ्या एका टोकाने भिंतीत पक्क्या रोवलेल्या आहेत आणि दुसरं टोक हवेत. भिंतीतल्या टोकावर वरच्या बांधकामाचा भार असतो, म्हणून मोकळं टोक वाकत नाही. शिवाय प्रत्येक पायरी खालच्या पायरीवर टेकते आणि भार खाली सरकत जातो. ही कल्पना कंत्राटदार खानसाहेब सोराबजी रतनजी यांची. जिना पाहण्याची आमची सुचवलेली पद्धत अशी: लिफ्टने आपल्या मजल्यावर जा आणि तिथून जिन्याने सावकाश खाली या. उतरताना प्रत्येक मजल्यावर कठड्याला टेकून क्षणभर थांबा. वर पाहिलं की घुमट, खाली पाहिलं की लहान होत जाणारे चौकोन. सकाळी लवकर, न्याहारीची वर्दळ सुरू होण्याआधी, पुन्हा एकदा हेच करा. तेव्हा जिन्यावर तुम्ही एकटेच असता. चपलेचा आवाज आणि घुमटातून उतरणारा उजेड, बस्स.

वारसा-फेरीत हॉटेलचाच माणूस गोष्टी सांगत नेतो. पहिल्या महायुद्धात इथे ६०० खाटांचं इस्पितळ होतं, हे त्यातलंच. प्रश्न विचारा, त्यांना ते आवडतं. टॉवरच्या लॉबीत चित्रकार हुसेन यांचं मोठं तीन भागांचं चित्र आहे. हॉटेलच्या संग्रहात गायतोंड्यांचीही चित्रं आहेत. फेरीत कोणती दाखवतात ते विचारून घ्या.

लॉबीतच २००८ च्या हल्ल्यात इथे मृत्यू पावलेल्या ३१ जणांचं स्मारक आहे. त्यात पाहुण्यांना वाचवताना गेलेले कर्मचारीही आहेत. टॉवर महिन्याभरात, २१ डिसेंबर २००८ ला उघडला. जळालेला पॅलेस सावरून पुन्हा उघडायला १५ ऑगस्ट २०१० उजाडला. स्मारकापुढे उभं राहून नावं वाचा. तिथे सेल्फी काढू नका.

मोबाइलने फोटो काढायला सहसा कुणी अडवत नाही. मोठा कॅमेरा, तिपाई, साखरपुड्याचे किंवा लग्नाआधीचे फोटो यांना परवानगी लागते. ड्रोनचा विचारही करू नका, शेजारी नौदलाचा परिसर आहे.

खाणं-पिणं

सगळ्या उपाहारगृहांत जायचा अट्टहास करू नका. एका मुक्कामात एक चहा आणि एक जेवण, एवढं पुरे.

चहा सी लाउंजमध्येच घ्यावा. मुंबईतल्या कित्येक घरांत मुलगा-मुलगी पहिल्यांदा भेटले ते इथल्या खिडकीतल्या टेबलाशी. संध्याकाळच्या चहाबरोबर सँडविच, केक, स्कोन येतात, आणि चाटसुद्धा असते. शेवपुरी इथे खावी. ती चवीला रस्त्यावरच्यासारखी तिखट नसते, पण समोर गेटवे असतो. खिडकीजवळचं टेबल हवं असेल तर दोन-तीन दिवस आधी नाव नोंदवा आणि आरक्षणात ‘खिडकीजवळ’ असं लिहून घ्या. शनिवार-रविवारी आयत्या वेळी जागा मिळणं मुश्कील. दुपारी पोटभर जेवून चहाला गेलात तर पैसे वाया; त्या दिवशी दुपारचं जेवण हलकं ठेवा आणि रात्रीचंही उशिरा.

रात्री चिनी जेवायचं तर गोल्डन ड्रॅगन, जपानी हवं तर वसाबी, आणि घरातल्या सगळ्यांच्या आवडी वेगळ्या असतील तर शामियाना. वसाबी खिशाला सर्वांत जड. शाकाहारी, जैन किंवा उपवासाचं काही हवं असेल तर दुपारीच कळवा, म्हणजे नीट करून देतात. हार्बर बार १९३३ पासूनचा. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वयाची अट २१ आणि त्याहून कडक मद्यासाठी २५ आहे, आणि तरुण दिसणाऱ्यांकडे ओळखपत्र मागतात. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि आषाढी एकादशीला कोरडा दिवस असतो.

कपड्यांचा बाऊ नको. साडी, सलवार-कमीज, साधी पँट-सदरा सगळं चालतं. पुरुषांनी रात्रीच्या जेवणाला अर्धी चड्डी आणि उघड्या चपला टाळाव्यात. झब्ब्याखाली कोल्हापुरी शोभते, तरी उपाहारगृहाला आधी विचारून घातलेली बरी. तलावात सुती कपड्यांनी उतरू देत नाहीत. पोहण्याचा नायलॉनचा पोशाख सोबत न्या.

सकाळ

डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या पुढे उगवतो, मे-जूनमध्ये सहाच्या सुमारास. त्याच्या पंधरा मिनिटं आधी खाली या. गेटवेवर अजून पर्यटक नसतात, लाँचवाले दोर सोडवत असतात आणि कबुतरांचे थवे उतरत असतात. पाठीशी गेटवे ठेवून हॉटेलकडे पाहा: पहिला उजेड दगडावर आणि लाल घुमटांवर पडतो. फोटो काढायची वेळ हीच, कारण दुपारनंतर इमारतीचं तोंड सावलीत जातं.

न्याहारीला आठच्या आत किंवा साडेनऊनंतर जा. मधल्या वेळात रांग लागते.

हिशेब

खोली सोडायची वेळ दुपारी १२ ची. उशिरा सोडायची असेल तर आदल्या रात्री विचारा. हॉटेल भरलेलं नसेल तर तास-दोन तास मिळतात. संध्याकाळपर्यंत थांबायचं तर सहसा अर्ध्या दिवसाचं भाडं पडतं.

आदल्या रात्रीच झोपण्याआधी बिलाचा कच्चा उतारा मागवून घ्या आणि ओळ न् ओळ वाचा. चुका बहुधा तीनच ठिकाणी सापडतात: मिनिबारमधून न घेतलेली वस्तू, आरक्षणात धरलेली न्याहारी पुन्हा लावलेली, आणि दोन खोल्या असतील तर एकीचं जेवण दुसरीच्या नावे. रात्री निवांतपणे दुरुस्त होतं. सकाळी साडेअकराला काउंटरवर रांग असते. मिनिबारला हात लावला नसेल तर खोली सोडताना त्याचा एक फोटो काढून ठेवा. कपडे धुवायला देण्याआधी नगाचा दर वाचा, एका सदऱ्याचा आकडा पाहून विचार बदलतो.

बिलात सेवाशुल्क आपोआप घालता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे २०२२ चे निर्देश आहेत आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरले. बक्षिसी सर्वस्वी तुमच्या मनावर. सामान आणणाऱ्याला शंभर-दोनशे, खोली आवरणाऱ्यांसाठी निघताना उशाशी एक पाकीट, एवढं रीतीला धरून आहे. शंभरच्या दहा-बारा नोटा घरूनच न्या, काउंटरवर ऐनवेळी सुटे मागत बसावं लागत नाही.

परतीची डेक्कन क्वीन सीएसएमटीहून संध्याकाळी ५.१० ला सुटते. बारा ते चार मोकळे राहतात. सामान पुन्हा बेल डेस्ककडे द्या आणि पावती खिशात ठेवा, मोबाइलच्या कव्हरमागे नको, तिथून ती हमखास पडते. चार वाजून दहा मिनिटांनी परत या, सामान उचला आणि दारावरच्या माणसाला टॅक्सी बोलवायला सांगा. शुक्रवार असेल तर आणखी वीस मिनिटं आधी निघा. त्या संध्याकाळी महात्मा गांधी रस्ता आणि स्टेशनसमोरचा चौक दोन्ही तुंबलेले असतात.